चार वाजताचं रडं

"बाई, नमस्कार. आम्ही बेळगावच्या वडगावात राहतो. घरात चार पॉवरलूम आहेत. मिस्टर आणि दीर माग चालवतात, मी सुताच्या कांड्या भरते आणि घरचं बघते. मुलगा चार वर्षं दोन महिन्यांचा आहे. एका जागी दोन मिनिटं टिकत नाही. रोज दुपारी चार-साडेचारला कशावरून तरी सुरू होतं, मग जमिनीवर डोकं आपटणं, मला चावणं. परवा चुलतभावाला कांडी फेकून मारली, डोळा थोडक्यात वाचला. एलकेजीच्या मिस म्हणतात, बसत नाही, ऐकत नाही, दाखवून घ्या. मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला, की साखर, दूध आणि गहू एकवीस दिवस बंद केले तर मूल शांत होतं. मी बंद केलं. आज नववा दिवस. तो जास्तच बिथरलाय. सासूबाई मागच्या दारानं त्याला चहा पाजतात आणि मला म्हणतात, 'पोराला उपाशी ठेवूलालीस.' खाण्यानं मुलाचा स्वभाव बदलतो का? नेमकं काय बंद करू? त्याला काही आजार तर नसेल? सोबत तो आधी दिवसभरात काय खायचा ते लिहून पाठवते. मला तू म्हणा, माझी आई तुमच्याच वयाची असेल."

– एक आई, वडगाव

तुझं पत्र वाचलं आणि पत्राच्या मागे लिहिलेली ती यादी त्याहून जास्त वेळ वाचली. आधी एक गोष्ट आजच कर. ते एकवीस दिवसांचं व्रत सोड. उरलेले बारा दिवस पुरे करायची काही गरज नाही. संध्याकाळच्या जेवणात त्याला चपाती दे, वर तूप लाव, आणि सकाळी कपभर दूध दे. तू चुकलीस असं मी म्हणत नाही. रोज अंगावर चावल्याचे वण घेऊन बसलेल्या आईला कुणीतरी मोबाईलवर ठामपणे उपाय सांगितला तर ती करून बघणारच. पण चार वर्षांच्या मुलाच्या ताटातून एकदम तीन गोष्टी काढल्या, तर मागं काय उरलं ते तूच बघ. तुझ्या यादीप्रमाणे तो दूध, बिस्किट, चहात बुडवायचं बेकरीतलं बटर आणि दोन घास भात यांवरच जगत होता. त्यातलं दूध गेलं, बिस्किट गेलं, बटर गेलं. दोन घास भात राहिला. सासूबाईंच्या बोलण्याचा तुला राग आला असेल, पण त्या खोटं बोलल्या नाहीत.

आता ती यादी. सकाळी साडेसातला ग्लासभर दूध आणि चार बिस्किटं. एलकेजीच्या डब्यात चिप्स किंवा नूडल्स. साडेबाराला घरी आला की पुन्हा दूध, कारण तो भुकेनं रडतो आणि दूध लगेच मिळतं. दीड वाजता भाताचे दोन घास, कारण पोटात दूध आहे. तीनला कोपऱ्यावरच्या दुकानातलं पाच रुपयांचं पाकीट. चारला रडं. सहाला चहा आणि बटर. रात्री आठला जेवायला नको, म्हणून दूध. साडेदहाला झोपताना पुन्हा दूध.

रडं रोज चार वाजताच का येतं, हे तू मला विचारलेलं नाहीस, पण उत्तर तुझ्याच अक्षरात आहे. सकाळपासून चार वाजेपर्यंत त्याच्या पोटात खरं जेवण एकदाही गेलेलं नाही. या वयाच्या मुलाचं पोट लहान असतं. एकदा नीट खाल्लं तर अडीच-तीन तास पुरतं. बिस्किट आणि पाकीट तेवढंही पुरत नाही, कारण त्यात मैदा, साखर, तेल आणि मीठ सोडून फारसं काही नसतं. मोठ्या माणसाला भूक लागली तर ते म्हणतं भूक लागली. चार वर्षांच्या मुलाला पोटातल्या त्या कळीचं नाव ठाऊक नसतं. त्याला फक्त एवढंच कळतं, की सगळं नकोसं झालंय. मग ते डोकं आपटतं. त्यात दुपारची झोप सुटलेली असेल तर विचारूच नको.

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून खानापूर आणि बेळगाव तालुक्यात एकतीस वर्षं फिरले. 'खोडकर', 'मारकुटा', 'ऐकत नाही' म्हणून जी मुलं माझ्यासमोर आणली गेली, त्यांच्या आयांना मी पहिला प्रश्न हाच विचारायची, की किती वाजता बिघडतो? तू वेळ आपणहून लिहिलीस, तिथं माझं निम्मं काम झालं.

यादीतली दुसरी गोष्ट दूध. चार ग्लास म्हणजे पाऊण लिटरच्या वर. दूध वाईट नाही, पण त्यात लोह जवळजवळ नसतं, आणि इतक्या दुधानं पोट भरलं की लोह असलेल्या अन्नाला जागाच राहत नाही. वर चहा. चहातला तुरटपणा जेवणातलं लोह शरीरात उतरू देत नाही. लोह कमी पडलं की मूल फक्त फिकट दिसतं असं नाही. ते चिडकं होतं, लक्ष टिकत नाही, रात्री झोपेत पाय झाडतं, सकाळी उठतानाच किरकिरतं. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या आपल्या देशातल्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांत रक्त कमी आढळलं होतं. शंभरात सदुसष्ट. म्हणून मुलगा बसत नाही म्हटल्यावर मला आधी त्याच्या डोळ्याची खालची पापणी बघावीशी वाटते.

जांबोटीकडच्या एका वस्तीवरची मुलगी मला अजून डोळ्यांसमोर दिसते. साडेतीन वर्षांची होती. दुसऱ्या मुलांना चावायची, गाणं सुरू झालं की उठून भिंतीकडे जायची. सेविका म्हणाली, "भिंतीला तोंड लावते, देवाला माहीत काय करते." मी जवळ जाऊन बसले. ती नखानं चुन्याचे पोपडे काढून खात होती. ओठांच्या कडेला पांढरी भुकटी. पापणी खाली ओढून बघितली तर आत लाली अशी नव्हतीच, भिजलेल्या कागदासारखा रंग. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासलं, हिमोग्लोबिन आठच्याही खाली. या वयात ते किमान अकरा लागतं. डॉक्टरांनी जंतांचं औषध आणि लोहाचं सिरप सुरू केलं, आईनं काळा चहा बंद करून हुलग्याचं, म्हणजे कुळथाच्या पिठाचं, माडगं सुरू केलं. दोन महिन्यांनी मी पुन्हा गेले तेव्हा ती गाण्यात हातवारे करत होती. खोडकर अजूनही होती. पण चावत नव्हती, आणि भिंत सोडली होती.

तुझा मुलगा माती, खडू, भिंत, पेन्सिलचं टोक असलं काही खातो का? बघ आणि मला कळव. खात असेल तर रक्त तपासायला एक दिवसही लावू नकोस. खात नसेल तरी या आठवड्यात तपासून घेच. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी लोहाचं सिरप अनिमियामुक्त भारत कार्यक्रमात मोफत मिळतं, आठवड्यातून दोनदा एक-एक मिली, आशा कार्यकर्तीला विचार. हिमोग्लोबिन कमी निघालं तर डॉक्टर वेगळा डोस सांगतील, तो मनानं वाढवू नकोस. बाटली मात्र उंच फळीवर ठेव. गोड लागतं म्हणून मुलानं अख्खी बाटली प्यायली तर जिवावर बेततं. सिरपनं शी काळी होते, त्याला घाबरायचं नाही. आणि जंतांची गोळी शेवटची कधी दिली ते आठव. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला शाळा-अंगणवाडीत देतात, खासगी एलकेजीच्या मुलांची ती कधी कधी राहून जाते. रात्री ढुंगण खाजवत असेल तर बारीक जंत असतात, त्यांनी झोप मोडते आणि दुसरा दिवस वाया जातो.

साखरेबद्दल तुझा व्हिडिओ जे सांगतो ते फार जुनं मत आहे आणि तपासून झालेलं आहे. साखरेनं मुलं चेकाळतात का, यावरचे २३ प्रयोग अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९५ साली एकत्र ताडून पाहिले. त्या प्रयोगांत मुलांना, आयांना आणि निरीक्षकांनाही माहीत नव्हतं, की कुणाला साखर दिली आहे आणि कुणाला नुसतं गोड लागणारं काही. साखरेनं वागण्यात फरक पडत नाही असंच निघालं. त्याच्या आदल्या वर्षीचा एक प्रयोग तर प्रत्येक आईनं ऐकावा असा आहे. साखरेनं आपला मुलगा बिघडतो अशी खात्री असलेल्या पस्तीस आया आणि त्यांचे पाच ते सात वर्षांचे मुलगे बोलावले. साखर कुणालाच दिली नाही. पण निम्म्या आयांना सांगितलं, की तुमच्या मुलाला भरपूर साखर दिली आहे. त्या आयांना आपली मुलं जास्त अवखळ दिसली. एवढंच नाही, त्या मुलाच्या जास्त जवळ बसल्या, जास्त टोकत राहिल्या, जास्त चुका काढल्या.

मी हे तुला दोष द्यायला सांगत नाही. गेले नऊ दिवस तू त्याच्याकडे कशी बघत असशील याचा विचार कर. आज फरक पडला का, आता पडला का, असं दिवसभर डोळ्यांत तेल घालून. मुलाला ती नजर कळते. साखर कमी करायची ती दातांसाठी, भुकेसाठी आणि वजनासाठी. ती कारणं पुरेशी आहेत. पण गुळाचा एक खडा खाल्ला म्हणून तो चुलतभावाला मारत नाही.

दूध आणि गहू काढून वागणं सुधारतं, असं म्हणायला सर्वसाधारण मुलांच्या बाबतीत आधार नाही. एखाद्याला दुधाची खरी ॲलर्जी असते, एखाद्याला गव्हातल्या ग्लुटेनचा आजार असतो. पण तिथं अंगावर गांधी, सतत जुलाब, पोट फुगणं, वजन न वाढणं अशी लक्षणं असतात आणि डॉक्टर तपासून सांगतात. ही चूक मी स्वतः केलेली आहे. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका गावात सतत सर्दी असलेल्या, किरकिऱ्या मुलाच्या आईला मी म्हणाले, महिनाभर दूध बंद करून बघ. कुठंतरी ऐकलं होतं तेवढंच माझं ज्ञान. दूध बंद झालं, त्याच्या जागी काय द्यायचं ते मी सांगितलंच नाही. घरात अंडं नव्हतं, डाळ पाण्यासारखी पातळ. दोन महिन्यांनी वजनकाट्याला लटकवलं तर तक्त्यावरची त्याची रेघ खाली वळली होती. ती रेघ काढताना माझा हात थांबला होता. तेव्हापासून, त्याच्या जागी काय द्यायचं हे ठरल्याशिवाय मी कुणाच्या ताटातून काही काढायला सांगितलेलं नाही.

खाण्यातल्या कृत्रिम रंगांचं मात्र वेगळं आहे, तिथं तुझ्या शंकेत तथ्य आहे. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत बेन फाइनगोल्ड नावाच्या ॲलर्जीच्या डॉक्टरांनी सांगायला सुरुवात केली, की खाण्यातल्या कृत्रिम रंगांनी मुलं अवखळ होतात. त्यांचा दावा फार मोठा होता आणि तेवढा तो टिकला नाही. पण २००७ साली इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठानं तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या मिळून जवळजवळ तीनशे मुलांवर नीट प्रयोग केला. काही रंग आणि सोडियम बेन्झोएट हे टिकवायचं रसायन घातलेलं पेय दिलं, आणि तसंच दिसणारं, रंग नसलेलं पेयही दिलं. रंगाच्या पेयानंतर मुलांचा अवखळपणा सरासरीनं थोडा वाढलेला दिसला. थोडा, आणि सगळ्यांचा नाही. काही मुलांना काहीच झालं नाही, काहींना बऱ्यापैकी झालं. २०१० पासून युरोपात असे सहा रंग घातलेल्या पदार्थांवर, मुलांच्या लक्ष देण्यावर आणि चळवळेपणावर वाईट परिणाम होऊ शकतो, अशी सूचना छापावी लागते. त्यातले टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पोन्सो फोर आर हे चार रंग आपल्याकडे ठरावीक पदार्थांत, ठरावीक मर्यादेत घालायला परवानगी आहे. पाकिटाच्या मागे १०२, ११०, १२२, १२४ हे आकडे शोध. जेली, लाल-पिवळ्या गोळ्या, सरबताची पावडर, रंगीत क्रीमची बिस्किटं, यांत ते सापडतील.

आणि रविवारी गाड्यावर खातात ती गोबी. ११ मार्च २०२४ ला आपल्या कर्नाटक सरकारनं गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी केली, गुलाबी म्हातारीच्या केसांत रोडामाइन-बी घालायलाही बंदी केली. त्याआधी गोबीचे १७१ नमुने तपासले होते, त्यातल्या १०७ मध्ये घातक रंग निघाले. रोडामाइन-बी हा तर खाण्याचा रंगच नव्हे, कापड रंगवायचा आहे. तुमच्या घरात माग आहेत, सुताचा रंग हाताला लागला की दोन-दोन दिवस जात नाही हे तुला मी काय सांगू. पुढच्या वेळी गाड्यावरून आल्यावर मुलाची बोटं साबणानं धू आणि बघ. बोटांच्या पेरांत लाली राहिली तर तो गाडा सोड. त्याला गोबी आवडतेच ना? घरी कर. फ्लॉवरचे तुरे मीठ-हळदीच्या पाण्यातून काढ, डाळीचं पीठ आणि थोडं तांदळाचं पीठ लाव, संकेश्वरी मिरची घरात असेल तर तिची अगदी चिमूटभर पूड रंगाला पुरते. वास तोच येत नाही, पण मुलं खातात. माझ्या नातवंडांनी खाल्ली आहे.

आता काय करायचं ते सांगते. पहिले चार आठवडे काहीही 'बंद' करायच्या आधी वेळा बांध.

सकाळी उठल्यावर दूध एक कप, बिस्किटाशिवाय, आणि तासाभरात खाणं. उप्पीट कर, त्यात वाटाणे-गाजर घाल. अंडं चालत असेल तर एक अंडं, ते सगळ्यात सोपं. किंवा नाचणीची आंबील, ताक घालून. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेव्हा दूध कमी केलं म्हणून हाडांचं काय होईल ही भीती सोड. डब्यात चपातीला तूप आणि शेंगाचटणी लावून सुरळी. तिखट लागत असेल तर त्याच्यापुरती चटणी बिनमिरचीची, गूळ घालून कूट.

साडेबाराला आला की दूध नाही. हा सगळ्यात अवघड क्षण असेल. तो उंबऱ्यात असतानाच ताट तयार हवं, बूट काढेपर्यंतही थांबायला लावू नकोस. ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून, वर लिंबू पिळून. लिंबानं डाळीतलं आणि पालेभाजीतलं लोह अंगी लागतं. सोबत मेथी, शेपू, पुंडीची म्हणजे अंबाडीची भाजी, घरात जी असेल ती दोन चमचे. मग झोप, नाही आली तर अर्धा तास अंधाऱ्या खोलीत नुसतं पडणं.

साडेतीनला, म्हणजे रडं यायच्या अर्धा तास आधी, पोटभर खाणं. पाच रुपयांच्या पाकिटाची जागा हीच. वाटीभर हुलग्याचं माडगं, गूळ घालून, सुंठीचा वास लावून. किंवा केळं आणि शेंगदाणा-गुळाचा लाडू. किंवा चिरमुऱ्यात कुटलेले फुटाणे आणि शेंगदाण्याचं कूट, वर टोमॅटो, कोथिंबीर. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खे शेंगदाणे-फुटाणे देऊ नकोस, धावताना घशात अडकतात, कुटूनच दे. रात्रीचं जेवण साडेसातला, सगळ्यांबरोबर. दिवसभरात दूध दोन कप, त्याच्या वर नाही, आणि झोपतानाचं शेवटचं दूध बंद. चहा अजिबात नाही.

तो ताट ढकलेल. पहिले चार दिवस तर नक्की. नवीन पदार्थ दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो, तेव्हा कुठं मूल तोंडात घालतं. तू काय आणि कधी वाढायचं ते ठरव, किती खायचं ते त्याला ठरवू दे. कोंबायचं नाही, मोबाईल समोर धरायचा नाही, वीस मिनिटांनी ताट शांतपणे उचलायचं, आणि पुढच्या वेळेपर्यंत फक्त पाणी. या एका गोष्टीवर घरात सगळ्यांचं एकमत लागेल.

एक वही घाल. तीन रकाने पुरेत. काय खाल्लं, किती वाजता बिघडला आणि किती वेळ, रात्री किती झोपला. चार आठवड्यांनी वही उघडून बघ. चारचं रडं निम्म्यावर आलं असेल तर पुढचं काही करायची गरजही पडणार नाही. नसेल आलं, तर मग रंगांचा प्रयोग कर. दोन आठवडे रंगाचं काहीही नाही, बाकी सगळं तसंच. एलकेजीच्या मिसना म्हण, रोज एका शब्दात लिहून द्या, कसा होता. काय बंद केलंय ते त्यांना सांगू नकोस. त्या पस्तीस आयांची गोष्ट आठवते ना? तुझ्या डोळ्यांपेक्षा त्यांचे डोळे इथं कामाचे. मग एका सोमवारी सकाळी घरून निघायच्या आधी त्याला जेलीच्या दोन कांड्या दे आणि मिस काय लिहितात ते बघ. दोन-तीनदा असं केल्यावर दर वेळी तेच आलं, तर तुझा मुलगा त्या 'काही मुलां'पैकी आहे, आणि रंग कायमचे सोडायचे.

खाण्याच्या बाहेरच्या दोन गोष्टी बोलल्याशिवाय मला हे पत्र संपवता येत नाही.

झोप. साडेदहाला झोपून सातला उठतो, म्हणजे साडेआठ तास. या वयाला दुपारची धरून किमान दहा तास लागतात. माग रात्री चालतो, ती खटखट भिंतीतून येते हे मला माहीत आहे. मजुरीचं काम आहे, त्याच्यासाठी माग बंद करा असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? पण अंथरूण मागापासून लांबच्या खोलीत हलवता येईल, आणि साडेआठ ते नऊ हा अर्धा तास तरी मिस्टरांना दिरांवर काम सोडून मुलाजवळ बसता येईल. नऊला डोळे मिटले तर निम्मी लढाई जिंकलीस. मोबाईल दिवसाला तासाभराच्या वर नको, आणि जेवणानंतर तर नकोच.

दुसरी गोष्ट आपल्या या भागाची. तुमच्या घरात मराठी, एलकेजीत कन्नड आणि इंग्रजी. मिस कन्नडमध्ये म्हणत असतील 'कुंद्रु', म्हणजे बस, आणि हा उभाच. त्याला बसायचं नाही असं नसेल, त्याला कळलंच नसेल. न कळणाऱ्या बोलण्यात तीन तास बसायचं म्हणजे मोठ्या माणसाचाही जीव उबगतो. तहान लागली तर सांगता येत नाही, लघवी लागली तर सांगता येत नाही. शेजारी कन्नड बोलणारी एखादी अक्का असेल तर तिच्याकडून रोज दोन शब्द खेळता खेळता शिकू दे. 'नीर बेकु', म्हणजे पाणी हवं, एवढं आलं तरी वर्गातलं त्याचं निम्मं ओझं उतरेल. आणि मिसना स्वतः जाऊन सांग, की घरी मराठीच बोलतो. तीस मुलांत त्यांच्या ते लक्षात आलं नसेल.

आजाराचं विचारलंस. ज्याला एडीएचडी म्हणतात, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अति चळवळेपणाचा, तो आजार खरा आहे, आणि तो खाण्यामुळे होत नाही. पण तो ठरवायला घरी आणि शाळेत दोन्हीकडे, सहा महिने तरी तशीच लक्षणं असावी लागतात. चार वर्षांच्या भुकेल्या, अर्धवट झोपलेल्या मुलावर मी तो शिक्का मारणार नाही, तूही मारू नकोस. मात्र काही गोष्टी दिसल्या तर चार आठवडे थांबायचं नाही. नावानं हाक मारली तर वळत नाही, नजरेला नजर देत नाही, तीन-चार शब्दांचं वाक्य बोलत नाही, आधी येणारं आता येत नाही, झोपेत मोठ्यानं घोरतो किंवा श्वास अडकतो, वजन उतरतंय. यातलं एकही असेल तर सरळ बालरोगतज्ज्ञांकडे. आधी कान तपासायला सांग, ऐकू कमी येणारी मुलं 'ऐकत नाही' म्हणून मार खातात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं. तुझा मुलगा एलकेजीत असला तरी गल्लीतल्या सेविकेला तारीख विचारून ठेव.

सासूबाईंचं शेवटी ठेवलं, कारण मला वाटतं तुझं सगळं काम त्यांच्यावर अवलंबून आहे. त्या चहा पाजतात, कारण नातू रडतो आणि त्यांच्याकडे द्यायला तेवढंच असतं. त्यांचा हात रिकामा ठेवलास तर त्या मागच्या दारानं येणारच. साडेतीनचं खाणं त्यांच्याकडे सोपव. हुलगे भाजून, जात्यावर नाहीतर मिक्सरवर दळून माडगं करणं त्यांना तुझ्यापेक्षा चांगलं येत असेल, त्यांच्या लहानपणी त्यांच्या आईनं केलं असेल. त्यांना विचार, "आत्या, तुमच्याकडे माडगं कसं करत होते?" विचारताना खरंच ऐक. नातवाला भरवायचा मान त्यांचा, चहा न देण्याचं वचन त्यांचं.

उद्या शनिवार आहे. शनिवारच्या बाजारात अर्धा किलो हुलगे, पाव किलो नाचणीचं पीठ, अर्धा डझन केळी आणि चार लिंबं एवढंच घे. सोमवारी आरोग्य केंद्रात रक्त. वही चार आठवड्यांनी मला पाठव, फोटो काढून पाठवलीस तरी चालेल. चारच्या रकान्यात काय लिहिलं आहेस ते मी आधी वाचेन.